खासगीपणाचा कायदा : आपल्या मुलामुलींसाठी एक अभ्यासविषय

या शाळेच्या वसतिगृहात राहून गेलेल्या प्रत्येकाला आपली पत्र्याची पेटी आठवत असेल. एका दालनात वीस-पंचवीस वळकट्या, एकाच रांगेत जेवण, एकाच कंदिलाभोवती किंवा पुढे एकाच दिव्याखाली अभ्यास. स्वतःची अशी खोली कुणालाच नव्हती. पण प्रत्येकाला पेटी होती, पेटीला लहानसे कुलूप होते आणि त्याची किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात असे. घरून आलेले आंतर्देशीय पत्र आमचे गुरुजी कधी फोडत नसत. ज्याचे पत्र त्यानेच उघडावे, एवढे म्हणून ते हातात देत. त्या वेळी त्यात काही विशेष आहे असे आम्हांला वाटले नाही. पुढे आम्ही तिघे माजी विद्यार्थी कायद्याच्या अभ्यासाकडे वळलो, आमच्यापैकी दोघे वकिली करू लागलो, एक जण विधी महाविद्यालयात शिकवू लागला, तेव्हा कळले की गुरुजी जे न बोलता पाळत होते, त्या तत्त्वाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची स्पष्ट मान्यता मिळायला २०१७ साल उजाडावे लागले.

खासगीपणाचा व सायबर सुरक्षेचा कायदा हे आज विधी शिक्षणातील एक स्वतंत्र विशेषीकरण झाले आहे. हा विषय मोठ्या शहरांतील, इंग्रजी माध्यमातील आणि संगणक कंपन्यांत जाणाऱ्या मुलांचा आहे, असा समज आपल्याकडे आढळतो. आमचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ज्यांच्या घराची माहिती शासनाकडे, बँकेकडे, शाळेकडे आणि दुकानदाराकडे सर्वांत अधिक जमा असते आणि ती चुकीच्या हाती गेली असता ज्यांना सावरण्याची साधने सर्वांत कमी असतात, त्यांच्या मुलांनी हा कायदा आधी शिकला पाहिजे. ते का आणि कसे, हे सांगण्यासाठी या स्मरणिकेतील ही पाने आम्ही मागून घेतली.

एका फोनचा धडा

आमच्यापैकी एक जण कायद्याच्या दुसऱ्या वर्षात असतानाची गोष्ट आहे. त्याच्या गावातील एका शेतमजूर आईला फोन आला. मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, खाते पडताळून पाहायचे आहे, मोबाइलवर आलेला आकडा सांगा, असे पलीकडचा माणूस म्हणाला. त्याला मुलीचे नाव ठाऊक होते, महाविद्यालयाचे नाव ठाऊक होते आणि कोणत्या प्रवर्गातून अर्ज केला आहे तेही ठाऊक होते. इतके सारे ठाऊक असलेला माणूस शासनाचाच असणार, असे त्या माउलीला वाटले यात तिचा काय दोष? तिने ओटीपी सांगितला आणि खात्यातले साडेअठरा हजार रुपये गेले. बँकेत गेल्यावर उत्तर मिळाले, "तुम्हीच आकडा सांगितला, आम्ही काय करणार?" कायद्याचा विद्यार्थी असूनही आमच्या मित्राला पुढचे पाऊल ठाऊक नव्हते. चार दिवस अर्ज लिहिण्यात गेले. पैसे परत आले नाहीत.

या प्रसंगात दोन प्रश्न आहेत. पहिला, पैसे कुणी नेले? तो सायबर गुन्ह्याचा प्रश्न. दुसरा, मुलीचे नाव, महाविद्यालय आणि प्रवर्ग त्या माणसाकडे कुठून गेला? तो माहितीच्या संरक्षणाचा प्रश्न. आपण बहुधा पहिलाच विचारतो. पण दुसरा प्रश्न विचारणारा कुणी नसेल तर पहिला रोज नव्याने उभा राहतो. या विशेषीकरणाचे सारे मर्म या दोन प्रश्नांच्या जोडणीत आहे.

त्या दिवशी आम्हांला जे ठाऊक नव्हते ते येथे नोंदवून ठेवतो. आर्थिक फसवणूक होताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असल्यास तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, पण तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचे. ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच ठिकाणच्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर काहीच भार येत नाही. म्हणजे तक्रार कोणत्या दिवशी, किती वाजता केली, याला कायद्यात मोल आहे. त्या आईची तक्रार पहिल्या तासात झाली असती, तर निदान लढण्यास आधार मिळाला असता.

अधिकाराचा इतिहास

खासगीपणाचा अधिकार ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी कल्पना आहे, असे पुष्कळांना वाटते. अमेरिकेत वॉरेन आणि ब्रँडाइस यांनी १८९० मध्ये या विषयावर लिहिलेला लेख जगभर अभ्यासला जातो, हे खरे. पण आपल्या देशात हा प्रश्न राज्यघटनेच्या जन्माबरोबरच उभा राहिला होता आणि तो उभा करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९४७ साली मूलभूत हक्कांच्या उपसमितीसाठी त्यांनी तयार केलेल्या निवेदनात, जे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने प्रसिद्ध आहे, व्यक्तीचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, अशी तरतूद होती. उपसमितीत या आशयाच्या कलमावर विचार झाला. मात्र त्यामुळे पोलीस तपासाला अडथळा येईल, असे आक्षेप बी. एन. राव व अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या विधिज्ञांनी घेतले आणि अंतिम घटनेत ते कलम आले नाही.

त्याचा परिणाम पुढे दिसला. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांच्या पीठाने, आपल्या घटनाकारांनी असा अधिकार स्वीकारलेला नाही, असे म्हटले. १९६२ साली खरक सिंग खटला आला. खरक सिंग यांच्यावर दरोड्याचा आरोप होता, पण पुराव्याअभावी ते सुटले होते. तरीही उत्तर प्रदेश पोलिसांनी त्यांच्या नावे हिस्ट्री शीट उघडले आणि रात्री-अपरात्री त्यांच्या दारावर थाप पडू लागली. न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी रद्द केल्या, परंतु खासगीपणाचा अधिकार मात्र मान्य केला नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आपल्या अल्पमताच्या निकालपत्रात वेगळी वाट घेतली. खासगीपण हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच आवश्यक भाग आहे, असे ते म्हणाले. पंचावन्न वर्षांनी देशाला त्याच मताकडे यावे लागले.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने निर्णय दिला. खासगीपण हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचा आणि एकूण मूलभूत हक्कांचा भाग आहे, असे ठरले. शासनाला या हक्कात हस्तक्षेप करायचा असेल, तर त्यासाठी कायदा हवा, हेतू न्याय्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, अशी कसोटी या निकालातून पुढे आली. सुनावणीत शासनाच्या बाजूने असा युक्तिवाद झाला होता की खासगीपण ही सुस्थित वर्गाची चैन आहे, गरिबाला अन्न हवे असते. न्यायालयाने तो फेटाळला. व्यक्तीची सामाजिक वा आर्थिक स्थिती कोणतीही असो, हा हक्क तिचा आहे, असे निकालपत्र सांगते. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हा भाग मुद्दाम वाचायला लावतो. वीस जणांच्या दालनात पेटीला कुलूप लावणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जात हीही माहितीच

आपल्या समाजाच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक पदर आहे. व्यक्तीची जात ही तिच्याविषयीची माहिती आहे. ती कुणी, कुठे, कशासाठी विचारली आणि पुढे कुणाला दिली, यावर भाड्याची खोली मिळणे, नोकरीच्या मुलाखतीतील वागणूक आणि कधीकधी जिवाची सुरक्षितताही अवलंबून राहिली आहे. शिष्यवृत्तीसाठी आणि आरक्षणासाठी जात सांगणे हा आपला हक्क आहे. पण एका कामासाठी सांगितलेली जात दुसऱ्या कामासाठी वापरली जाऊ नये, हाही हक्कच आहे. माहिती संरक्षणाच्या कायद्यातील एक मूलभूत तत्त्व हेच आहे: ज्या हेतूने माहिती घेतली, त्याच हेतूपुरती ती वापरावी.

माहितीवरून एखाद्या समूहावर कायमची पाळत ठेवता येते, हे महाराष्ट्राला नवे नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरवून त्यांच्या नोंदी ठेवल्या, हजेऱ्या घेतल्या. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये हा कायदा रद्द झाला, पण नोंदवही बंद झाली म्हणून नजर बदलते असे नाही. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिस्ट्री शीटचा विचार करताना स्वतःहून असे नमूद केले की मागास व वंचित समाजातील निरपराध व्यक्तींची नावे अशा नोंदींत यांत्रिकपणे येता कामा नयेत, आणि राज्यांना आपली धोरणे तपासण्यास सांगितले. खरक सिंग यांच्या दारावरची थाप आणि आजची संगणकातील नोंद यांत फक्त साधनाचा फरक आहे.

कायद्याच्या मसुद्यातही ही गोष्ट एकदा आली होती. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली माहिती संरक्षणाच्या विधेयकाचा मसुदा दिला. त्यात आरोग्य, आर्थिक माहिती इत्यादींबरोबर जात व जमात यांनाही संवेदनशील वैयक्तिक माहितीचा दर्जा होता. २०१९ च्या विधेयकातही तो राहिला. २०२३ मध्ये जो कायदा संमत झाला, त्यातून मात्र संवेदनशील माहिती हा वेगळा वर्गच निघून गेला. आज कायद्याच्या दृष्टीने तुमचे जात प्रमाणपत्र आणि तुमचा दूरध्वनी क्रमांक यांना एकच तराजू आहे. हे योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. पण जेव्हा ते बदलले, तेव्हा त्याकडे लक्ष वेधणारे आपले किती विधिज्ञ होते, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो.

अभ्यासाची मांडणी

या विशेषीकरणात साधारणपणे चार शाखा शिकाव्या लागतात.

पहिली शाखा गुन्ह्यांची. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि २००८ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. दुसऱ्याची ओळख वा पासवर्ड चोरणे हे कलम ६६सी खाली, संगणकसाधनाने तोतयेगिरी करून फसवणे हे ६६डी खाली, संमतीवाचून व्यक्तीच्या खासगी अवयवांची छायाचित्रे घेणे वा पसरवणे हे ६६ई खाली गुन्हा आहे. याच कायद्यातील ६६ए हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. त्या याचिकेमागे आपल्या पालघर येथील घटना होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील एका मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली होती. सुरक्षेच्या नावाने लिहिलेले मोघम कलम स्वातंत्र्यावर कसे उलटते, याचा तो धडा आहे.

दुसरी शाखा माहिती संरक्षणाची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कायद्यातील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती ज्याची असते त्याला हा कायदा डेटा प्रिन्सिपल म्हणतो, म्हणजे मूळ धनी. माहिती जो गोळा करतो व कशी वापरायची ते ठरवतो त्याला डेटा फिड्युशिअरी म्हणतो, म्हणजे विश्वस्त. या शब्दांतच कायद्याचा भाव आहे. माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा दंड भारताच्या संचित निधीत जातो, ज्याचे नुकसान झाले त्याला या कायद्याखाली भरपाई नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ४३ए भरपाईचा मार्ग देत होते, ते वगळण्याची तरतूदही २०२३ च्या कायद्यात आहे.

तिसरी शाखा सायबर सुरक्षेची. संस्थेच्या संगणकव्यवस्थेवर हल्ला झाला, तर केंद्र शासनाच्या सर्ट-इन या यंत्रणेला सहा तासांत कळवावे लागते, असे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. व्यवस्थेच्या नोंदी एकशे ऐंशी दिवस जपून ठेवाव्या लागतात. येथे वकिलाला सर्व्हर म्हणजे काय, सांकेतिकीकरण म्हणजे काय, लॉगमध्ये काय नोंदले जाते, हे अभियंत्याच्या शेजारी बसून समजून घ्यावे लागते. अभियंता होण्याची गरज नाही, पण न लाजता विचारण्याची सवय हवी.

चौथी शाखा पुराव्याची. मोबाइलमधील संदेश किंवा चित्रफीत न्यायालयात नुसती दाखवून चालत नाही. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, अशा नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आता ही तरतूद आहे. बेकायदा मिळवलेल्या पुराव्याचाही प्रश्न येथेच येतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीत कुमार खटल्यात फोन टॅपिंगचे आदेश पुट्टस्वामी निकालाच्या कसोटीवर तपासून रद्द केले आणि त्यातून मिळालेली ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले.

एक अर्ज, पाच प्रश्न

नवशिक्या विद्यार्थ्याने हा विषय कसा हाताळावा, हे दाखवण्यासाठी आम्ही एक साधे उदाहरण घेतो. सतरा वर्षांची एक विद्यार्थिनी गावातील इंटरनेट केंद्रावर जाऊन शिष्यवृत्तीचा अर्ज भरते. आधार, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक यांची छायाचित्रे ती केंद्रचालकाच्या मोबाइलवर पाठवते. अर्ज जातो, पण छायाचित्रे तेथेच राहतात.

पहिला प्रश्न: विश्वस्त कोण? शासनाचा विभाग, महाविद्यालय आणि केंद्रचालक हे तिघेही माहिती हाताळतात, पण प्रत्येकाची जबाबदारी वेगळी. ती नेमकी मांडता येणे ही वकिलाची पहिली कसोटी.

दुसरा प्रश्न: आधार कशाचा? शासन लाभ देण्यासाठी माहिती घेते, तेव्हा कायद्याच्या कलम ७ प्रमाणे प्रत्येक वेळी नव्या संमतीची गरज नसते. पण केंद्रचालकाने तीच छायाचित्रे एखाद्या कर्ज देणाऱ्या दलालाला दिली, तर त्याला असा कोणताही आधार नाही.

तिसरा प्रश्न: वय काय? अठरा वर्षांखालील व्यक्ती या कायद्यात बालक आहे. एखाद्या शिकवणीच्या अ‍ॅपने तिची माहिती घ्यायची तर पालकांची, पडताळून पाहता येईल अशी, संमती लागते.

चौथा प्रश्न: भाषा कोणती? संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देणे कायद्याने बंधनकारक केले आहे. म्हणजे मराठीतही. या सूचना सरळ, अचूक मराठीत लिहिणारे विधिज्ञ आता लागणार आहेत. मराठी शाळेत शिकलो म्हणून मागे राहिलो, असे मानणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

पाचवा प्रश्न: दाद कुठे? प्रथम संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, नंतर माहिती संरक्षण मंडळाकडे आणि त्यावरील अपील टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे. फसवणूक झाली असल्यास पोलिसांकडे स्वतंत्रपणे जावे.

आधारच्या बाबतीतही पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शासकीय लाभांसाठी आधार योजना कायम ठेवली, पण शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही बालकाला योजनेच्या लाभापासून वंचित ठेवता येणार नाही, असे सांगितले.

दुसऱ्या हक्काचे भान

या विषयाची एक बाजू आपल्या चळवळीतील कार्यकर्त्यांना खटकते, आणि ती रास्त आहे. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी, २००२ साली केला. शिष्यवृत्तीचे पैसे कुणाच्या नावे उचलले, घरकुलाच्या यादीत कुणाची नावे घुसवली, हे पुष्कळदा नावांच्या याद्या मिळाल्यामुळेच उघड होते. २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(जे) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, हे पाहावे लागे. आता वैयक्तिक माहिती एवढे कारण पुरते. कलम ८(२) मधील व्यापक लोकहिताची वाट शिल्लक आहे, पण ती प्रत्येक वेळी युक्तिवादाने उघडावी लागेल.

म्हणून आम्ही म्हणतो की केवळ झाकण्याचा कायदा शिकणारा वकील आपल्या कामाचा नाही. लाभार्थ्याचा बँक खाते क्रमांक भिंतीवर लावणे चूक आहे. पण कुणाला किती रक्कम मिळाली हे गावाला कळू न देणेही चूक आहे. दुबळ्याचे खासगीपण आणि सत्तेचा उघडेपणा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात. त्यांतील रेषा कुठे ओढायची, हे ठरवणाऱ्या मेजाभोवती आपली माणसे बसली पाहिजेत.

शिकण्याचा मार्ग

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम, असे दोन मार्ग आहेत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, तर राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही परीक्षा द्यावी लागते. अशी विद्यापीठे आपल्या राज्यात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. बाबासाहेब जेथे प्राचार्य होते ते मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ विधी महाविद्यालय यांचीही परंपरा आपल्यासमोर आहे.

पदवीच्या पहिल्या वर्षांत राज्यघटना, करार, अपकृत्य, गुन्हे आणि पुरावा हे विषय पक्के करावेत. खासगीपणाचा कायदा याच पाच खांबांवर उभा आहे. पाया कच्चा ठेवून केवळ सायबर कायद्याचे प्रमाणपत्र मिळवण्याची घाई करू नये. नंतर ऐच्छिक विषयांत माहिती तंत्रज्ञान कायदा, बौद्धिक संपदा, माध्यम कायदा घ्यावेत आणि पुढे एलएल. एम. किंवा पदविका करावी. युरोपीय संघाचा २५ मे २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा नियमही अभ्यासावा, कारण पुण्या-मुंबईतील ज्या कंपन्या युरोपातील ग्राहकांचे काम करतात, त्यांना तो पाळावा लागतो. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्ती व केंद्राची राष्ट्रीय प्रवासी शिष्यवृत्ती या योजना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत.

कामाच्या वाटा अनेक आहेत. मोठ्या विश्वस्त संस्थांना भारतातच राहणारा माहिती संरक्षण अधिकारी नेमावा लागणार आहे. बँका, रुग्णालये आणि संगणक कंपन्या यांना सल्लागार लागतात. सरकारी वकिलांना इलेक्ट्रॉनिक पुरावा समजणारे सहकारी हवे आहेत. पण तालुक्याच्या न्यायालयात बसून, फसवणूक झालेल्या माणसाची तक्रार पहिल्या तासात नोंदवून देणारा वकील हीदेखील याच विशेषीकरणाची एक वाट आहे, आणि आमच्या मते ती सर्वांत मोकळी पडली आहे.

समारोप

पालकांना आमची विनंती आहे की मुलाने वा मुलीने हा विषय निवडतो म्हटले, तर हे कसले नवे खूळ, असे म्हणू नये. घरातल्या कागदांची पिशवी त्यांच्यासमोर ठेवावी आणि विचारावे, यातला कोणता कागद कुणाकुणाकडे गेला आहे, सांग. तेथूनच अभ्यास सुरू होतो. माजी विद्यार्थ्यांपैकी जे शासकीय कार्यालयांत, बँकांत, शाळांत आहेत, त्यांनी आपल्या मेजावरच्या याद्या एकदा याच नजरेने पाहाव्यात. आपण विश्वस्त आहोत हे त्यांना कळण्यासाठी पदवी लागत नाही. आणि या शाळेतील जे विद्यार्थी कायद्याकडे वळू इच्छितात, त्यांनी सुट्टीत आमच्याकडे यावे. पुस्तके आमच्याकडे आहेत, वाचायला बसण्यापुरती जागाही आहे.

ती साडेअठरा हजारांची रक्कम गेलेली आई अजून आमच्या मित्राला भेटते. तिची मुलगी आता पदवीधर झाली असून यंदा तिने विधी प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. या वेळी तिने तो केंद्रावर जाऊन भरला नाही. आमच्या मित्राच्या घरी बसून, प्रत्येक रकान्यापुढे हे का विचारतात असा प्रश्न विचारत भरला. अर्ज पूर्ण व्हायला सारी दुपार लागली. ती दुपार आम्ही तिचा पहिला तास मानतो.